भिंतीवरचे दोन तक्ते

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या दोघी चुलत बहिणी एकाच खोलीत राहत होत्या. धाकटीला घरातले सगळे खारूताई म्हणायचे, कारण ती स्वस्थ बसलेली कधी कुणी पाहिलीच नव्हती. पाचला उठून ती धावायला जायची, सातला अंघोळ करून पुस्तक उघडायची आणि पोटभर नाश्ता करून वॉर्डात हजर व्हायची. भिंतीवर तिचा तक्ता होता. धावणं, पाणी, झोप, अभ्यास, प्रत्येक रकान्यात हिरव्या पेनाची बरोबरची खूण.

थोरली तो तक्ता बघत बघत चहा-बिस्किटांवर दिवस काढायची. त्यात आईचा फोन यायचा. "धाकटीकडे बघ जरा! नाहीतर तू, नुसती आरंभशूर." फोन ठेवला की थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका सोमवारी तिनेही तक्ता लावला आणि त्याच दिवसापासून खोटं भरायला सुरुवात केली. "तू धावायला गेलीस की मी वाचत बसते," ती सांगायची. खरं तर दार लागलं की ती पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची. खारूताई संध्याकाळी वाचनालयात असायची, त्या वेळेत थोरली कागदावरच पाच किलोमीटर चालून यायची.

आठवड्याभरात खारूताई त्या तक्त्यापाशी रेंगाळायला लागली. "दोन तास वाचलंस? रोज?" तिचा चेहरा पडला, आणि थोरलीच्या काळजात असा काही गारवा पसरला, की तिने दुसऱ्या दिवशी अडीच तास लिहिले.

मग खारूताई साडेचारला उठायला लागली. पुढे नाश्ता सुटला, जेवणाच्या सुट्टीत डब्याऐवजी वही उघडली जाऊ लागली. थोरलीला ते दिसत होतं. दिसूनही ती रकाने भरत राहिली.

तिसऱ्या आठवड्यात वॉर्डात ड्रेसिंगचा ट्रे घेऊन जाताना खारूताई कोसळली. ट्रे खणखणत जमिनीवर पडला. वॉर्डच्या सिस्टरनी तिला रिकाम्या खाटेवर निजवलं, नाडी पाहिली आणि साखरपाणी पाजलं. "दुसऱ्यांची शुश्रूषा करणार म्हणे, आणि स्वतः उपाशी!" असं करवादून त्या पुढच्या रुग्णाकडे गेल्या.

थोरली खाटेशी बसली. खारूताई पुटपुटली, "ताई, तू कसं गं जमवतेस एवढं? किती धावले तरी मी तुझ्या मागेच. जळायचे मी तुझ्यावर, खरं सांगते."

लाज वाटावी, पण थोरलीला आधी आनंदच झाला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यावर जळलं होतं, आणि तीही खारूताई! तो आनंद तिला पुरता भोगता मात्र आला नाही. समोर खाटेवर खारूताई उपाशीपोटी पडली होती.

"खोटं आहे ते सगळं," ती म्हणाली.

"काय खोटं?"

"तक्ता. मी झोपलेली असायचे. चाललेही नाही एक दिवस."

खारूताईने कूस बदलली. त्यानंतर आठ दिवस ती थोरलीशी एक शब्द बोलली नाही. त्या आठ दिवसांत थोरलीने आईलाही फोनवर सगळं सांगून टाकलं. आईची बोलणी तिने मुकाट्याने ऐकून घेतली.

नवव्या दिवशी खारूताई नाश्त्याला बसली होती. थोरली समोर येऊन म्हणाली, "मी अजूनही जळते तुझ्यावर. जातच नाही ते."

"जळ," खारूताई म्हणाली. "पण खाऊन जळ. अंडी गार होताहेत."

त्या सत्रात थोरली आठवड्यातून तीन-चार दिवस सहाला उठली. बाकीचे दिवस नाही जमलं. ज्या दिवशी जमलं नाही, त्या दिवशी ते तिने खारूताईला तोंडाने सांगितलं, आणि दर वेळी ते सांगणं तिच्या जिवावर आलं.