कोपरा फाटलेलं पत्र

लढाईच्या दिवसांत बोडकेवाडीत आलेलं एकूण एक पत्र मी वाचून दाखवलंय, असं मी तीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. वाडी दहिवडीपासून सहा मैलांवर, माण तालुक्याच्या पार कोरड्या टोकाला. पाऊस फिरकत नाही म्हणून पुरुष एकतर मुंबईला जायचे, नाहीतर पलटणीत. १९४१ साली मी वाईहून तिथे मास्तर म्हणून गेलो, तेव्हा अख्ख्या वाडीत धड वाचता येणारा मी एकटाच. टपालवाला थेट शाळेतच यायचा. पोरांना पाढे म्हणायला लावून मी बायाबापड्यांना नवऱ्यांची, लेकांची पत्रं वाचून दाखवायचो आणि उत्तरंही मीच लिहायचो. कोणाच्या घरात काय शिजतंय हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याचा मला ताठा होता.

पुढे बदल्यांवर बदल्या झाल्या. १९७० साली हेडमास्तर होऊन पुन्हा बोडकेवाडीलाच आलो, आणि पहिल्याच आठवड्यात बनुबाईच्या चुलीपाशी इटलीहून आलेलं एक पत्र विस्तव पेटवायला काढलेलं दिसलं. मी ते हिसकावून घेतलं, तिला चार शब्द सुनावले. माझं वेड सुरू झालं ते तिथून.

एक पत्र्याची पेटी घेतली, एक जाड वही घेतली. पेटीत पत्रं, पलटणीतल्या माणसांचे खुर्चीला हात टेकून काढलेले फोटो, आणि वाडीचं किंवा तालुक्याचं नाव कुठे छापून आलं की कापून ठेवलेली कात्रणं. वहीत रकाने पाडले: पत्र कोणाचं, कोणाला, कुठून, तारीख, आणि शेवटचा रकाना ‘वाचून दाखवले’. हा शेवटचा रकाना खरं तर कुठल्याच इतिहासाला लागत नाही. तो माझ्या हौसेचा. त्याखाली ओळीनं ‘स्वतः’, ‘स्वतः’ असं लिहिताना मला बरं वाटायचं. चार वर्षांत तीनशे अकरा पत्रं झाली.

१९७४च्या दिवाळीनंतर ती पेटी घेऊन मी सांगलीला गेलो. तिथल्या एका वाचनालयाला लढाईवर माणसं पाठवलेल्या गावांचं दालन काढायचं होतं, आणि त्याचे चिटणीस गोपाळकृष्णपंत माझ्या ओळखीचे. त्यांनी दोन दिवस बसून सगळी पत्रं चाळली, फोटोंच्या प्रती काढायला दिल्या, माझ्या अक्षराचं कौतुक केलं. मग चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, “गुरुजी, तुमच्या वाडीतलं लढाईत कोणी मेलंच नाही का? तीनशे पत्रांत जो तो आपला खुशाल.”

मी ओशाळलो. चावडीसमोरच्या दगडावर नऊ नावं कोरलेली आहेत, आणि नवांपैकी एकाच्याही मरणाचं पत्र माझ्याकडे नव्हतं. कारण साधं होतं. मरणाची बातमी कळवायची तर पत्राचा कोपरा फाडून पाठवायची आपल्याकडे रीत. कोपरा दिसला की घरच्यांनी समजायचं. असं पत्र घरात नेत नाहीत, दाराबाहेरच वाचतात, फाडून टाकतात आणि अंघोळ करतात. पंत म्हणाले, ते सगळं खरं, पण एखादं तरी मिळवा, नाहीतर दालन म्हणजे नुसता खुशालीचा बाजार होईल.

परतीच्या एस.टी.त विटा आलं तरी माझा पारा उतरला नव्हता. असल्या अडाणी रीतीपायी अर्धा इतिहास ओढ्यात गेला, असं मी चावडीवर दहा माणसांना ऐकवलं. घरोघर हिंडलो. मरणाचं पत्र जपून ठेवण्यात काही पाप नाही, उलट न ठेवणं हेच पाप, असं समजावत राहिलो. लोकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. सरपंच नानासो तेवढे म्हणाले, “गुर्जी, इस्तू कुनी पदरात बांधून ठेवतं व्हय?”

त्यानंतरच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर राहीबाई आली. दगडावरचं चौथं नाव तिच्या नवऱ्याचं, ज्ञानू तात्याबा बोडके. ज्ञानू गेला तेव्हा ती वीस वर्षांची होती, मूल नव्हतं. सासऱ्याच्याच घरी राहिली, दिराची पोरं तिनं वाढवली. दुष्काळात खडी फोडून फोडून तिच्या हाताची बोटं वाकडी झाली होती. शाळेच्या पायरीवर बसून तिनं कमरेची पिशवी सोडली आणि फडक्यात गुंडाळलेलं एक घडीचं पत्र माझ्यासमोर ठेवलं. त्याचा एक कोपरा नव्हता.

तिनं सांगितलं ते असं. पत्र आलं त्या दिवशी सासरे तात्याबांनी ते तिच्याच हातात दिलं आणि ओढ्यात टाकून ये म्हणाले. ती ओढ्यापर्यंत गेली, पण टाकवेना. नवऱ्याचं म्हणून एवढंच तिच्याकडे उरलं होतं. तिनं ते उतरंडीच्या सगळ्यात खालच्या मडक्यात लपवलं, आणि तीस वर्षं दर पाडव्याला उतरंड पुसायचं काम दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. आता ठेवण्यात पाप नाही असं गुरुजीच म्हणतात, तर हे पेटीत घ्या, असं तिचं म्हणणं. अट एकच होती.

“पर आदी वाचा. गोळी लागून गेला का पान्याबिगर गेला, जवळ कुनी हुतं का न्हाई, येवढं कळू द्या. तीस वर्सं मला त्येच पडलंय.”

मी थक्क झालो. एवढ्या वर्षांत हे कोणी वाचलंच नाही का, असं विचारलं. ती नाही म्हणाली, आणि माझं डोकं भडकलं. पत्र कोणाकडून वाचून न घेताच ओढ्यात टाकायला सांगणारा माणूस म्हणजे किती अडाणी असावा, असं मी तोंडानं बोललोसुद्धा.

राहीबाईनं माझ्याकडे पाहिलं. “मामंजी तुमच्याकडंच आलं हुतं की, गुर्जी. तुमीच म्हनला, कोपरा गेलाय, आता वाचायचं काय राह्यलं.”

ते मला आठवलं. विसरलो नव्हतोच, फक्त त्याच्याकडे बघत नव्हतो. १९४४चा उन्हाळा. शाळेला सुट्टी लागली होती, आठ दिवसांवर माझं लग्न होतं, आणि दहिवडीला जाऊन वाईकडची मोटार गाठायची म्हणून ट्रंक घेऊन मी शाळेच्या दारात उभा होतो. लग्न ठरलेल्या माणसानं अशुभाला शिवू नये, असं आईनं पत्रातून दोनदा बजावलं होतं. तात्याबा दोन बोटांच्या चिमटीत पत्र धरून आले. मी कोपरा पाहिला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. मग ते वाक्य बोललो आणि चालू लागलो. गावाला अडाणी म्हणणारा मी, वाईचा शिकलेला मास्तर. दीड महिन्यानं परतलो तेव्हा राहीबाईचं कपाळ पांढरं झालं होतं, आणि त्या पत्राचं मला कोणी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

मी पत्र हातात घेतलं. कोपऱ्यावरून बोट फिरवलं. कोपरा फाटलेला नव्हता, कापलेला होता. कात्रीनं, सरळ रेषेत. असं कापलेलं पेटीतल्या तीन पत्रांत मी पाहिलं होतं आणि वहीत ऐटीत नोंदही केली होती: पलटण कुठे आहे ते बाहेर फुटू नये म्हणून सरकारी माणसं पत्रं तपासायची, ठिकाणाचं नाव दिसलं की शाई फासायची, नाहीतर तेवढं कापून काढायची. आणि आपण पत्राला ठिकाण आणि तारीख लिहितो ती वरच्या उजव्या कोपऱ्यात.

खोटं वाचावं असं मनात आलं. झोपेत गेला, जवळ मित्र होता, पाणी मिळालं, असं काहीतरी. पण घडी उघडली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून पहिली ओळ निघून गेली: “तीर्थरूप आबास ज्ञानूचा दंडवत. मी खुशाल हाय.”

राहीबाईनं हात वर करून मला थांबवलं. “मेल्यालं मानूस खुशाल कसं आसंल?”

तो तेव्हा मेलेला नव्हता, असं मी सांगितलं. कात्रीचं सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

“माज्या बांगड्या फोडल्या तवा त्यो जित्ता हुता?”

“हो.”

“फुडं वाचा.”

अक्षर वेडंवाकडं होतं, पलटणीत नव्यानं शिकलेल्या माणसाचं. ते माझ्या वहीत आता उतरवलेलं आहे.

“आबा, माजा उजवा पाय गुडग्यापासून कापला. आता जखम बरी हाय. दवाखान्यात पडून हाय, आनी हे माज्या हातानं लिवतोय. लवकरच पलटनीतनं नाव कमी करतील. आबा, तुमी राहीला विचारा. लंगडा मानूस शेतात काय कामाचा. तिची जिनगानी मोठी हाय. तिला चालत आसंल तर गुर्जीकडून येवढंच लिवून धाडा, ये. बाकी काय बी नको. उत्तर आलं न्हाई तर मी समजंन. परत लिवनार न्हाई आनी तिकडं येनार न्हाई. मग तिला आडकून ठिवू नका.”

वाचून संपलं. मला रडू आलं, आणि तिच्यासमोर रडायचाही आपल्याला हक्क नाही हे कळत होतं म्हणून मी तोंड फिरवलं. तेव्हा सगळंच कसं जुळून आलं होतं तेही आता दिसलं. त्या पत्रानंतर ज्ञानूची मनिऑर्डर बंद झाली. तात्याबा साताऱ्याच्या कचेरीत गेले तर तिथल्या कारकुनानं ‘नाव कमी झालंय’ एवढंच सांगितलं. लढाई संपल्यावर वाडीचे दोघे परत आले, त्यांनीही ज्ञानूला रक्तबंबाळ उचलून नेताना पाहिलं होतं. प्रत्येकानं खरं तेच सांगितलं, आणि ते ऐकणारे आम्ही आधीच कोपरा बघून बसलो होतो.

राहीबाई रडली नाही. “कुठनं लिवलंय?” एवढंच तिनं विचारलं.

मी म्हणालो, “गावाचं नाव कोपऱ्यात होतं, बाई.”

तिनं पत्र हातात घेतलं, कापलेल्या कडेवरून वाकडं बोट एकदा फिरवलं. “त्येवढाच तर सगळ्यांनी बघितला.”

साताऱ्याला लिहितो, पुण्याला लिहितो, शोध लावतो, असं मी काहीबाही बोलत राहिलो. ती ऐकत नव्हती. कार्ड आहे का, असं तिनं विचारलं. टेबलाच्या खणात कार्डं असायचीच. एक काढलं.

“लिवा. ये.”

मी लिहिलं. आणखी काही लिहू का, असं विचारलं. तिनं मान हलवली, त्यानं बाकी काही मागितलंच नव्हतं म्हणाली. मग खाली तिचं नाव घातलं, आणि मागच्या बाजूला ‘ज्ञानू तात्याबा बोडके यांस’ इथपर्यंत येऊन पेन थांबलं. पत्त्याच्या चार ओळी मोकळ्याच राहिल्या. तिला अक्षर कळत नसलं तरी मोकळी जागा कळत होती.

“टाका पेटीत,” ती म्हणाली आणि उठली. ज्ञानूचं पत्र तिनं माझ्यापुढेच ठेवलं होतं. पायरी उतरताना म्हणाली, “ह्ये न्या सांगलीला. पर त्येच्या खाली लिवा, कुनी वाचलं न्हाई म्हनून.”

मी वही उघडली. क्रमांक तीनशे बारा. कोणाचं, कोणाला, हे लिहिलं. ‘कुठून’ आणि ‘तारीख’ हे दोन रकाने मोकळे सोडले. शेवटच्या रकान्यात सवयीनं ‘स्व’ लिहून झाला होता, तो खोडला आणि ‘नाही’ लिहिलं. पुढे चार महिन्यांनी सरकारी उत्तर आलं की सदर इसमाचं नाव १९४४च्या पावसाळ्यात दवाखान्यातूनच कमी केलं, त्यानंतरची माहिती उपलब्ध नाही. तेही कागद म्हणून मी पेटीत ठेवलं.

ते कार्ड मात्र माझ्या पेटीत नाही. त्याच दुपारी मी ते शाळेच्या भिंतीवरच्या टपालाच्या लाल पेटीत टाकलं. पत्ता नसलेलं टपाल कुठेतरी एका कचेरीत जाऊन पडतं, हे मला माहीत आहे. कोपरा असो वा नसो, तिथला कारकून ते हातात घेतो आणि वाचतो.