पक्की शिलाई

"झग्याला समोरून कच्ची शिलाई मारा, साधनाबाई. ओढला की टरकन फाटला पाहिजे," शिवहार सर म्हणाले आणि मांजरपाटाचं पुडकं माझ्या मशीनवर ठेवलं.

"फाडायचाय तर शिवून घेता काहून?"

सर हसले. ते कळमनुरीच्या कॉलेजात शिकवतात, गॅदरिंगचं नाटक दरवर्षी स्वतः लिहितात. यंदा येशूवर लिहिलं होतं. शेवटी येशू अंगातला झगा फाडतो आणि ओरडतो, मी कोणालाच माफ करत नाही.

"असं न्हाई, सर. त्यानं माफ केलं व्हतं. खिळे ठोकणाऱ्यांनाबी."

"ते तुमच्या शास्त्रात. हा माझा येशू आहे. आजच्या माणसाला पटणारा."

माझा येशू म्हणे. जसा काही यांनी ठेवलेला सालगडी. आणि झगा कोणाचा फाडताय? शास्त्रात त्याच्या झग्याला शिवणच नव्हती, वरपासून खालपर्यंत सलग विणलेला. ज्या शिपायांनी त्याला मारलं त्यांनीही तो फाडला नाही, कोणाला मिळावा म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. तीस वर्षं मशीन चालवते मी, हे कसं विसरेन?

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी निवेदन काढलं, नाटक बंद करा म्हणून. साऱ्या मंडळीने सह्या केल्या, मी केली नाही.

"तुमी कशाला सही करताल? तुमी तर झगा शिवून राहिल्या," मंडळीतली मिराबाई टोचून बोलली.

बोलू दे. नाटक बंद पडलं असतं तर गाव म्हणालं असतं, यांचा देव नाटकाला भ्याला. ते मला सोसलं नसतं. निवेदनाचं पुढे काही झालंही नाही.

मंगळवारी दगडोबा आला. बारा वर्षांपूर्वी नांदेड रोडला याच्याच ट्रॅक्टरखाली माझा नवरा विश्वंभर गेला. दगडोबा दारू प्यायलेला होता. दोन वर्षं मी त्याचं तोंड पाहिलं नाही. मग एक दिवस त्याच्या दारात गेले, 'माफ केलं' एवढं म्हणाले आणि परत आले. हिला वेड लागलं म्हणून दीर बोलायचा बंद झाला, तो आजवर. दगडोबा मात्र त्या दिवसापासून दारूला शिवला नाही. त्याच्या पोरीच्या लग्नातले ब्लाउज मीच शिवले.

तो दारातच थांबला. "वहिनी, नाटकाचा बोर्ड वाचला. तुमचा देव माफ करत न्हाई म्हणतो. मंग तुमी मला केलं, ते कसं?"

माझी कात्री कापडातच थांबली. सरांच्या एका वाक्यापायी माझी दहा वर्षं येडेपणा ठरणार होती, आणि हा माणूस पुन्हा खुनी. नवरा गेला तेव्हाही आला नव्हता असा राग आला मला.

"शुक्रवारी नाटकाला या," एवढंच म्हणाले.

झगा शिवला. दुहेरी शिवण, वरून पुन्हा टीप, गळ्याला आतून पट्टी. सर न्यायला आले तेव्हा तोंडावर सांगितलं, "सर, हा फाटणार न्हाई. मी कच्चं शिवलं न्हाई."

"कापडच आहे ना, बाई. आमचा येशू पैलवान आहे," म्हणाले आणि घेऊन गेले.

शुक्रवारी मी पहिल्या रांगेत बसले. दगडोबा मागे भिंतीला टेकून उभा होता. शेवट आला. येशूचं काम करणाऱ्या पोराने दोन्ही हातांनी गळ्याशी धरून झगा ओढला. फाटला नाही. पुन्हा ओढला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. मागून कोणीतरी शिट्टी मारली. विंगेतून सर खुणावत होते, वाक्य बोल, वाक्य बोल. पोरगं झगा मुठीत धरून आमच्याकडे बघत राहिलं. त्याच्या तोंडून काही ते वाक्य निघालं नाही. पडदा पडला.

सर तरातरा माझ्याकडे आले. "नाटकाची वाट लावलीत तुम्ही."

"सांगून लावली, सर."

दुसऱ्या दिवशी झगा परत आला. घामाने मळला होता, मी धुऊन दोरीवर घातला. दुपारी दगडोबा आला. झग्याच्या ओल्या गळ्यावरून त्याने अंगठा फिरवला, मग दोन्ही काखा बघितल्या.

"कुठंच उसवला न्हाई."

"न्हाई."

तो बाकड्यावर बसला. मग पिशवीतून बाहीत उसवलेला एक जुना शर्ट काढून त्याने माझ्या मशीनवर ठेवला.

"ह्यालाबी तशीच मारा, वहिनी," तो म्हणाला. "पक्की."