ताण्यातली खिडकी

साठावी तार कापून स्नेहलने कैची ओढणीला पुसली आणि दोन पावलं मागे सरकली. खिडकी झाली होती. उभ्या ताणलेल्या तीनशे पांढऱ्या सुती तारांच्या मधोमध, वर कमानीसारखी गोल, खाली सरळ. तिच्यातून मागचं पाण्याचं घंगाळ आणि त्यातली दोन कुमुदं नेमकी दिसत होती. कापलेल्या तारांची खालची लांब टोकं तिने एका आडव्या बांबूच्या काठीवरून पुढे सोडली होती. ती झालरीसारखी लोंबत होती. संध्याकाळचे सहा वाजले होते. तिने इकडे तिकडे पाहिलं, एखादी चोरी केल्यासारखं, आणि कैची पिशवीच्या तळाशी टाकली.

चोरी नव्हती, पण लपवाछपवी होतीच. हा सगळा ताणा तिच्या वडिलांनी, जानूने, तीन दिवस बसून लावला होता, आणि त्यांना या खिडकीबद्दल तिने अवाक्षरही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ताणा लागलाच नसता. 'फाटकं कापड बघाया मानसं येतात काय?' असं म्हणून ते घरी जाऊन बसले असते. म्हणून ते पाचला निघून जाईपर्यंत ती उगाच कुंड्या पुसत राहिली, आणि मग तिने कैची काढली.

भिवंडीतल्या एका वाचनालयाने शाळेच्या पटांगणावर छोट्या बागांचं प्रदर्शन भरवलं होतं. दहा फूट बाय दहा फुटांच्या बारा बागा. जी पहिली येईल ती करणाऱ्याला वाचनालयाच्या अंगणात कायमची बाग उभारायचं काम मिळणार होतं. स्नेहलने चार वर्षं अंबाडीच्या एका नर्सरीत काढली होती. दुसऱ्यांच्या बागांना रोपं नेऊन द्यायची आणि फाटकातूनच परत फिरायचं. स्वतःच्या नावाने तिने आजवर एक कोपराही केला नव्हता. हे काम तिला हवंच होतं. इतकं हवं होतं की घरी त्याचा विषय निघाला की ती उठून पाणी प्यायला जायची.

शेजारची बाग हितेशची. त्याने कारंजं, पूल, दोन बगळे, गुलाब आणि एक प्लास्टिकचं हरीण, असं सगळं दहा फुटांत बसवलं होतं. पाहुण्यांना वाढलेल्या ताटात रिकामी जागा म्हणून ठेवायची नाही, तशातली गत. स्नेहलची बाग त्यामानाने गरीबच दिसायची. भंगारात गेलेल्या कापडाच्या लूमचे दोन भीम, सूत गुंडाळायचे ते जाड रूळ, एक वर, एक खाली, आणि मध्ये ताणा. ताण्याच्या दोन्ही कडांनी चढलेला निळा गोकर्ण. जुन्या लाकडी धोट्यांमध्ये चिनी गुलाबाची रोपं, वाफ्याला सुताच्या रिकाम्या कांड्यांचं कुंपण, कोपऱ्यात देवकापसाचं एक झाड. भिवंडीत कापड सगळ्यांनी पाहिलेलं; तिला कापडातून पलीकडचं पाणी दाखवायचं होतं. त्या खिडकीवरच सगळी बाग उभी होती.

सकाळी साडेसातला ती आली तेव्हा जानू उलट्या बादलीवर बसले होते. गळ्यात मफलर, मांडीवर सुताची एक कांडी. तिला पाहून ते उठले, आणि उठताना हसले. स्नेहलने ते हसू आधी पाहिलं. मग ताणा पाहिला.

खिडकी नव्हती. तीनशेच्या तीनशे तारा वरपासून खालपर्यंत सरळ, ताठ, कुठेही खंड नाही.

"आलीस?" जानू म्हणाले. "तू घाबरशील म्हनून फोन न्हाय केला. रातच्याला कुनीतरी घात केला व्हता बघ. साठ तारा तोडल्या. आन् त्या पन मधल्याच, बरोबर निवडून."

"साठ..."

"मोजल्या मी. सहाला आलो पानी घालाया, तर ही गत. विठूला इचारलं, तर तो म्हनतो कुनी आत आलाच न्हाय. वाचमन कसला, झोपला असंल." त्यांनी आवाज खाली आणला आणि हितेशच्या हरणाकडे मान वळवली. "मला वाटतं त्या कारंजेवाल्याचं काम हाय. पन मी काय बोललो न्हाय. आपलं काम बोललं पायजे. म्हनून बसलो जोडाया."

"सगळ्या जोडल्या?"

"शोध गाठ. एक तरी दाव मला."

स्नेहलने ताण्यावरून बोट फिरवलं. कुठे जोड आहे ते हाताला लागेना. लूमवर तार तुटली की बोटभर सूत घालून दोन गाठी मारायच्या आणि टोकं इतकी जवळून छाटायची की कापडात त्यांचा मागमूस राहू नये, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. पाहत होती ती आज. दहा वाजता परीक्षक येणार होते. तोंडापर्यंत आलेलं वाक्य अगदी सोपं होतं, बाबा, त्या मीच कापल्या. पण तिने वडिलांकडे पाहिलं आणि ते वाक्य तिथेच अडकलं.

एकोणचाळीस वर्षं लूम चालवलेला हा माणूस. दोन वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला, तिथे गोदाम उभं राहिलं, आणि जानू घरी आले ते भिंतीला टेकून बसले. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तरी तिकडेच बघायचे. "घरात मानूस हाय का खुंटी, तेच कळत न्हाय," असं तिची आई द्रौपदी म्हणायची. आणि तो माणूस आता मफलर सोडून, बाह्या सरसावून उभा होता. त्याला वाटत होतं की त्याने लेकीची बाग वाचवली.

"चहा घेऊन या ना बाबा," स्नेहल म्हणाली. "दोघांना."

ते गेल्यावर तिने पिशवीतून कैची काढली, पुन्हा ठेवली आणि आईला फोन लावला. द्रौपदीने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा हसलीसुद्धा.

"जित्याची खोड गं ती. माझ्या पदराचा धागा निघालेला दिसला तरी त्याचा हात पुढं येतो. तार तुटलेली त्याला बघवत न्हाय. तू कालच सांगाया पायजे व्हतं."

"आता सांगू?"

"बाग तुझी हाय, पोरी. बाप पन तुझाच हाय. मी काय सांगू?"

फोन ठेवून स्नेहल ताण्यासमोर उभी राहिली. कापायला पंधरा मिनिटं पुरली असती. तिला ते काम हवं होतं, रडू येईल इतकं हवं होतं. तिने कैचीची पाती एका तारेला लावली, आणि फाटकातून दोन्ही हातांत कागदी पेले सांभाळत येणारे जानू दिसताच काढून घेतली. वाटेत थांबून ते वाचमन विठूला "जय भीम" घालत होते, आणि बहुधा साठ तारांची गोष्टही सांगत होते, कारण विठू कानाला हात लावत होता.

तिने ठरवलं, नाही सांगायचं. मग तिने एका कुमुदाची कुंडी घंगाळातून उपसून ताण्यापुढे आणून ठेवली. निदान फूल तरी दिसेल. पण ते तिथे कुणीतरी विसरून गेल्यासारखं दिसत होतं.

परीक्षक सव्वादहाला आले. तिघं होते, पुढे दिपाली मॅडम, बागकामाच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या, हातात सगळ्यांच्या नकाशांची फाइल. त्यांनी धोट्यांतली रोपं वाकून पाहिली, कांड्यांच्या कुंपणाला हात लावला आणि देवकापसाचं एक बोंड बोटांत धरून हसल्या. मग ताण्यासमोर थांबल्या. फाइल उघडली. ताण्याकडे पाहिलं, पुन्हा फाइलीत पाहिलं.

"इथे खिडकी होती ना?"

स्नेहलच्या पाठीमागे जानू उभे होते. ते ऐकत आहेत हे तिला मागे न बघता कळलं.

"बदललं मॅडम. शेवटी वाटलं, अखंडच बरं."

"हं." मॅडमनी चष्मा काढला. "खरं सांगू? या नकाशातली खिडकीच मला सगळ्यात आवडली होती. तिच्यासाठी मी तुमच्या बागेकडे आधी येणार होते." त्यांनी पेन उघडलं. "असो. बदल तुमचा."

"बाई, तो कागद बघू जरा?"

जानू पुढे आले. मॅडमनी नकाशा त्यांच्या हातात दिला. लेकीचं अक्षर त्यांना ओळखू येत होतं. कमानीची रेघ, मागे घंगाळ, आणि बाजूला बाण काढून लिहिलेलं, 'कापलेल्या तारा : साठ.' तो आकडा त्यांनी दोनदा वाचला. मग कागद न चुरगळता परत केला. स्नेहलकडे त्यांनी पाहिलं नाही. तिला त्या क्षणी हितेशच्या कारंज्यात जीव द्यावासा वाटला.

"धा मिनटं थांबता का, बाई?" जानू म्हणाले. "चूक माझी हाय. पोरीची न्हाय."

"बाबा, राहू दे. मी करते."

"तू करशील तर वाकडं व्हईल. गाठी मला ठाव्या हायत."

त्यांनी शर्टाच्या खिशातून आपली छोटी कैची काढली. आजवर या हातांनी किती तारा जोडल्या त्याची गणती नव्हती; लावलेल्या ताण्यातली तार मुद्दाम मात्र एकही तोडली नव्हती. डावा अंगठा तारेवरून खाली सरकला, एके ठिकाणी थांबला. तिथेच गाठ असणार. कैची तिथे लागली आणि बराच वेळ नुसती लागूनच राहिली. मग बारीक आवाज झाला, आणि पहिली तार काठीवरून पुढे लोंबली.

दुसरीला कमी वेळ लागला. विसाव्या तारेनंतर त्यांनी बघणंही सोडलं. अंगठा जिथे थांबेल तिथे कैची. कमानीची रेघ स्नेहलने काल कापली होती तशीच्या तशी वर चढली आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरायला लागली. हितेशही आपलं हरीण सोडून येऊन उभा राहिला होता. स्नेहलने तेवढ्यात पुढची कुमुदाची कुंडी उचलून घंगाळात नेऊन ठेवली. पाणी हललं, आणि ते हललेलं खिडकीतून दिसलं.

"झालं," जानू म्हणाले. कैची खिशात गेली.

पण झालं नव्हतं. खिडकीच्या बरोबर मधोमध एक तार तशीच होती, वरच्या भीमापासून खालच्या भीमापर्यंत. तिच्यामागे पाणी, दोन्ही बाजूंना निळा गोकर्ण.

दिपाली मॅडमनी पेनाने तिकडे दाखवलं. "आणि ही?"

स्नेहलने वडिलांकडे पाहिलं. ते आभाळाकडे बघत उभे होते. हात मागे बांधलेले, उजव्या हाताचं मनगट डाव्याने गच्च धरलेलं. एकोणसाठ तुटलेल्या तारांसमोर हा माणूस हात आवरून उभा आहे, आणि तो आपल्यासाठी, हे तिला दिसलं.

"ती राहणार, मॅडम."

"नकाशात नाही."

"नाही. ती बाबांची आहे."

मॅडमनी बराच वेळ खिडकीतून पाहिलं. मग काहीतरी लिहिलं आणि पुढच्या बागेकडे वळल्या.

दुपारी गर्दी वाढली. हितेशच्या पुलावर पोरं फोटो काढत होती. स्नेहलच्या बागेपुढे निराळीच माणसं थांबत होती, पांढऱ्या दाढीची, हातात पिशव्या, कधीकाळी लूमवर ड्युटी केलेली. त्यांना धोटे ओळखू यायचे, मग भीम, आणि मग ती एकटी तार.

"चचा, जोड़ है इसमें?"

"है. ढूँढो," जानू म्हणायचे.

ती माणसं डोळे तारेजवळ नेऊन शोधायची, बोट फिरवायची, आणि गाठ सापडली नाही की खूश व्हायची. जानू मात्र हात मागेच ठेवून होते. एकदा वाऱ्याने लोंबत्या तारा हलल्या तेव्हा त्यांचा उजवा हात सुटलेला स्नेहलने पाहिला. त्यांनी तो स्वतःच पकडून परत मागे नेला.

पाच वाजता निकाल लागला. वाचनालयाचं काम स्नेहलला मिळालं. द्रौपदी तेव्हा नुकतीच पोचली होती, तिने आधी लेकीला जवळ घेतलं, मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "काय ओ खुंटी?" जानू लाजले. हितेशने हात मिळवला, आणि जानूंनी तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मनातल्या मनात माफी मागत असावेत.

गर्दी पांगल्यावर बापलेक बादल्या उलट्या घालून बसली. जानूंनी पटांगणावरची एक काटकी घेतली आणि मातीत रेघा ओढायला लागले.

"वाचनालयाचं अंगन मोठं हाय. तिथं ताना बारा फुटाचा लागंल."

"हो."

"भीम मी बघतो. पन या खेपेला किती तारा तोडायच्या, ते आधी सांग."

"नव्वद," स्नेहल म्हणाली.

जानूंनी मान हलवली. काटकी हातात तशीच धरून ते थांबले.

"आणि एक ठेवायची," ती म्हणाली. "कुठली, ते तुम्ही ठरवा."