टाकीशेजारी बसवलेला रिसीव्हर

मी एक जुना रिसीव्हर आहे. सडक अर्जुनीच्या एका महाविद्यालयाच्या गच्चीवर माझे पांढरे डोके आहे आणि खाली भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी पेटी. मित्रांनो, मला डिश म्हणू नका. ते ऐकून माझे कान किटले आहेत.

माझे काम आमच्या प्राचार्यांना नऊ वर्षांत समजले नाही. तुम्ही तरी ऐका. उपग्रह एकाच वेळी दोन वेगळ्या रेडिओ लहरी पाठवतो. आपल्या डोक्यावर, शेकडो किलोमीटर उंच, आयनांबर नावाचा थर आहे. त्यात सुटे इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्यातून येताना एक लहर दुसरीपेक्षा जास्त रेंगाळते. तो फरक मोजला की वाटेत किती इलेक्ट्रॉन होते ते कळते. माझ्यासारख्या अनेकांचे आकडे जुळवून शास्त्रज्ञ त्या थराचा नकाशा काढतात.

प्राचार्य हेमेंद्र बिसेन यांना यातले एकच कळले होते, की माझा फोटो माहितीपत्रकात छापता येतो. पाहुणे आले की ते त्यांना गच्चीवर आणत आणि हे यंत्र उपग्रहाशी बोलते, असे सांगत. मी कुणाशी बोलत नाही, फक्त ऐकतो. पाहुणे गंभीरपणे मान डोलावत. त्यांच्यापेक्षा कठड्यावरची माकडे बरी. ती समजल्याचे सोंग तरी करीत नाहीत.

प्रयोगशाळेत मंगली मडावी कंत्राटावर परिचर होती. रोज ती माझे डोके ओल्या फडक्याने पुसायची आणि मग संगणकावरची माझी रेघ बघत उभी राहायची. बारावी शिकलेल्या बाईला त्या रेघेत काय दिसणार, असे मला वाटे. तेव्हा मीही त्या पाहुण्यांइतकाच मूर्ख होतो.

मार्चमध्ये प्राचार्यांनी माझ्यापासून दोन हातांवर पाण्याची मोठी स्टीलची टाकी बसवली. उपग्रहाची लहर टाकीवर आपटून पुन्हा माझ्याकडे येऊ लागली. माझे आकडे चुकू लागले. मला कारण कळत होते, पण सांगता येत नव्हते. महिन्याभरात माझे आकडे घेणाऱ्या संशोधन केंद्राने कळवले, की तुमच्या नोंदी आम्ही नकाशातून वगळत आहोत. प्राचार्यांनी मला भंगार ठरवले. सोमवारी मला उतरवायचे ठरले.

मंगली टाकीच्या आधीच्या आणि नंतरच्या रेघेचे दोन कागद छापून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"यंत्र नाही बिघडलं जी, सर. टाकी बसली त्या दिवसापासून रेघ थरथरून राहिली."

तू इंजिनियरिंग कुठून केलेस, असे प्राचार्यांनी विचारले आणि ते हसले. ते हसले म्हणून सारे कार्यालय हसले.

"मले इंजिनियरिंग नाही येत," मंगली म्हणाली. "तारीख वाचता येते."

रविवारी तिने नळजोडणीचे काम करणाऱ्या आपल्या नवऱ्याला, लालसिंगला बोलावले. दोघांनी टाकी रिकामी केली आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. पाइप जोडून दिला. तासाभरात माझी रेघ स्थिर झाली आणि मंगळवारी केंद्राने माझ्या नोंदी पुन्हा नकाशात घेतल्या.

सोमवारी मला कुणी उतरवले नाही, कारण प्राचार्य मंगलीला कामावरून काढण्याचे पत्र लिहिण्यात गुंतले होते. विनापरवानगी टाकी हलवल्याबद्दल महिनाअखेरचा दिवस तिचा शेवटचा ठरला.

बुधवारी दुपारी सूर्यावरून उठलेले वादळ पृथ्वीवर येऊन धडकले. आयनांबर ढवळून निघाले. इलेक्ट्रॉन असे उसळले, की नऊ वर्षांत मी तसे मोजले नव्हते. जवळचा दुसरा रिसीव्हर नेमका बंद होता. नकाशातला या बाजूचा सगळा भाग माझ्या आकड्यांवर उभा राहिला.

प्राचार्य लगेच वार्ताहराला घेऊन वर आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला. त्या हातामुळे मला तीन उपग्रह ऐकू येईनासे झाले.

शुक्रवारी केंद्रातल्या शास्त्रज्ञ नीतू रहांगडाले यांचा फोन आला. बिघाड कुणी शोधला, असे त्यांनी विचारले. आमच्या मार्गदर्शनाखाली शोधला, असे प्राचार्य म्हणाले. मग कशामुळे होता ते सांगा, असे त्या म्हणाल्या.  प्राचार्य जिना उतरून प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी फोन मंगलीपुढे धरला.

मंगलीने सगळे सांगितले. कामावरून काढण्याच्या पत्राबद्दलही सांगितले. यंत्र केंद्राचे आहे, ती नसेल तर ते इथे राहणार नाही, असे नीतूबाईंनी कळवले. पत्र मागे घेतले गेले. माफी मात्र कुणी मागितली नाही.

मित्रांनो, एखादे यंत्र फेकण्याआधी त्याच्या शेजारी आपण काय आणून ठेवले आहे, ते बघा. तेवढेही जमणार नसेल, तर निदान गच्चीवर गर्दी करू नका. मला ऐकू येत नाही.