ताईंचं जनुक

चौकातल्या औषधाच्या दुकानाच्या मालकांना आसपासचे लोक अर्धे डॉक्टर म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. फक्त ‘अर्धे’ हा शब्द जरा खुपे. कोणी येऊन म्हणालं, की तुमच्या गोळीनं काही फरक पडला नाही, की त्यांचं उत्तर तयार असे. “गोळी तीच, डोस तोच. शेजाऱ्याला लागू पडते आणि तुम्हालाच पडत नाही? मनाचे खेळ आहेत.”

हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकलं होतं ते त्यांच्या थोरल्या बहिणीनं. यजमान गेल्यापासून ताई भावाकडेच राहत. अक्कलदाढ काढली तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामक गोळ्या खाऊनही त्या गाल धरून बसल्या होत्या.

“अरे, या गोळ्या आहेत की खडू?” त्या म्हणाल्या.

“मनाचे खेळ,” भाऊ म्हणाला, आणि दुकानात निघून गेला.

पुढे परवान्याच्या नूतनीकरणासाठी एका दिवसाचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. विषय होता औषधं आणि आनुवंशिकता. अर्धे डॉक्टर बायकोला म्हणाले, “आता काय आम्ही जनुकं विकायची? सुटी देऊ की अख्खी पट्टी?” पण परवाना हवा होता, म्हणून इस्त्रीचा सदरा घालून गेले.

शिकवायला आलेल्या बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी विचारलं, “औषध लागूच पडत नाही म्हणणारं कोणी तुमच्या पाहण्यात आहे?” अर्धे डॉक्टर उभे राहिले आणि गाल धरून, ताईंचा आवाज काढून त्यांनी खडूची गोष्ट सांगितली. सभागृह हसलं. बाई हसू ओसरेपर्यंत थांबल्या, मग गोळीचं नाव विचारलं.

“ही गोळी कच्ची असते,” त्या म्हणाल्या. “पोटात गेल्यावर यकृतातलं एक एन्झाइम तिचं खरं वेदनाशामक बनवतं. काही लोकांच्या जनुकातच बिघाड असतो, त्यांच्यात ते एन्झाइम तयारच होत नाही. त्यांच्यासाठी ती गोळी खरोखर खडूच. तुमच्या ताईंना शब्द बरोबर सुचला.”

या वेळी सभागृह जास्त मोकळेपणानं हसलं. अर्धे डॉक्टर खाली बसले. मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचा ओशाळेपणा जाऊन त्या जागी एक नवाच उत्साह आला होता. हे ज्ञान शहरातल्या दुसऱ्या कुठल्या दुकानात असणार होतं? त्याच सुखद विचारात, भरल्या पोटी, दुपारच्या सत्रात त्यांना छान डोळा लागला.

ताई आता चांगलं फैलावर घेणार, या तयारीनं ते घरी आले. पण ताई ऐकून खुलल्या.

“म्हणजे हे रक्तातच आहे? किती लोकांत असतं?”

“फार थोड्यांत.”

ताईंनी त्याच संध्याकाळी नणंदेला फोन केला. मग जावेला. आठवडाभरात जनुकाच्या अंगावर बरीच कामं पडली: ताईंना गारठा सोसत नाही ते त्याच्यामुळे, झोप उडते ती त्याच्यामुळे, जावयाशी पटत नाही तेही, नीट पाहिलं तर, त्याच्यामुळेच. इकडे दुकानावर ‘जनुकानुसार औषधसल्ला’ अशी पाटी लागली, आणि खोकल्याची वडी घ्यायला आलेल्या माणसाला त्याच्या आजोबांची प्रकृती सांगावी लागू लागली.

असं सगळं सुरळीत चाललं असताना ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. अर्धे डॉक्टर हाडांच्या डॉक्टरांना भेटले आणि जनुकाचं सांगितलं.

“ते मनाचे खेळ असतात हो,” डॉक्टर म्हणाले. “तुम्हीच तर सांगता ना गिऱ्हाइकांना?”

अर्ध्या डॉक्टरांनी मात्र पिच्छा सोडला नाही. शेवटी ताईंची लाळ तपासायला गेली. अहवाल दुकानाच्या पत्त्यावर आला. जनुक अगदी सामान्य होतं. चारचौघांसारखं.

तपासणीच चुकली असणार, असं म्हणत त्यांनी प्रशिक्षणाच्या बाईंना फोन लावला.

“त्या आणखी कुठल्या गोळ्या घेतात?” बाईंनी विचारलं.

“रक्तदाबाची. कॅल्शियमची. आणि यजमान गेल्यापासून मन शांत राहण्याची एक.” त्यांनी नाव सांगितलं.

“मग झालं तर. ती गोळी त्याच एन्झाइमला अडवून धरते. जनुक चांगलं असून उपयोग नाही. दुपारच्या सत्रात मी हेच तर सांगितलं होतं.”

“हो, हो. दुपारच्या सत्रात,” अर्धे डॉक्टर म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांना एक आठवलं. दाढेच्या वेळी दोन्ही गोळ्या त्यांनीच एका पिशवीत घालून घरी नेल्या होत्या. आता हाडांच्या डॉक्टरांना गुपचूप सांगितलं असतं तरी काम भागलं असतं. ताईंचा मान राहिला असता आणि त्यांचाही. पण उद्या ती मनाची गोळी बंद होऊन एन्झाइम मोकळं झालं आणि ताईंनी भलत्याच ठिकाणी जनुकाचा हवाला देऊन जादा डोस घेतला, तर पंचाईत झाली असती. रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी ताईंना सगळं सांगितलं. पिशवीसकट. आणि मनाची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, हेही बजावलं.

ताई म्हणाल्या, “म्हणजे मी साधीच?”

“ताई, चूक माझी होती, मी ते म्हणतोय.”

“तुझी चूक काय नवीन आहे? मी नणंदेला काय सांगू?”

हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्यांची गोष्ट मात्र लगेच मानली. तिला पुस्तकात आधार होता. त्यांनी एन्झाइमच्या मदतीवर अवलंबून नसलेलं वेदनाशामक दिलं. ऑपरेशननंतर ताई पहिल्यांदाच शांत झोपल्या, आणि जागं झाल्यावर तक्रारीला दुखणं उरलं नाही म्हणून त्यांनी खोलीतला दिवा डोळ्यांवर येतो असं सांगितलं.

दुकानावरची पाटी उतरली. आता अर्धे डॉक्टर प्रत्येकाला आधी विचारत, “आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?” लोक वैतागत. “साधी डोकेदुखीची गोळी मागितली तर उलटतपासणी घेतात,” असं म्हणून काही जण पलीकडच्या दुकानात जाऊ लागले. तिथे काही विचारत नसत.

नणंद भेटायला इस्पितळात आली तेव्हा अर्धे डॉक्टर ताईंसाठी पेल्यात पाणी ओतत होते.

“काय गं, त्या जनुकाच्या तपासणीचं काय झालं?” नणंदेनं विचारलं.

“अहवाल अजून यायचाय,” ताई म्हणाल्या, आणि पाण्यासाठी भावापुढे हात केला.