धवलारणीचा पाय

"रेघ कुठे गेली?" डॉक्टर तोलानींनी विचारलं.

ऑपरेशनच्या टेबलावर आडवी पडलेली पुतळाबाई छताकडे बघत म्हणाली, "घासून काढली. नारलाच्या किशीनं. मलका पाय घेऊन मी कुनाच्या मांडवात गेली नाय कंदी. तुज्या टेबलावर कशी येईन?"

सिस्टर वृंदाचे डोळे तोंडावरच्या फडक्यावरून हसले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. आदल्या संध्याकाळी त्यांनी पुतळाबाईला स्टुलावर उभं करून जांघेपासून घोट्यापर्यंत जांभळ्या औषधाची रेघ ओढली होती. तिची फुगलेली शीर उभं राहिलं की दोरखंडासारखी वर येई आणि आडवं झालं की कातडीत बुडून जाई. त्या शिरेपायीच तिच्या घोट्यावरची जखम दोन पावसाळे भरत नव्हती. आणि या बाईनं रात्रीच्या आंघोळीला ती रेघ मळासारखी चोळून काढली होती.

"माई, रेघ नाही तर मी कापू कुठे? आता पुढच्या हप्त्यात ये."

पुढच्या हप्त्यात म्हणजे लग्नं तोंडावर येणार. मांजर्लीपासून खरवईपर्यंत आगऱ्यांच्या घरची हळद पुतळाबाईनं धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हटल्याशिवाय लागत नसे. धवलारणी पुष्कळ होत्या. त्या बसून म्हणत. पुतळाबाई उभ्यानं म्हणे, पहिल्या हळदीपासून वरात निघेपर्यंत. तिची सासू तशीच म्हणायची. निर्वासितांच्या कॅम्पातल्या या दवाखान्यात ती आली होती ती दुखण्याला कंटाळून नव्हे. उभं राहता यावं म्हणून.

ती उठून बसली. "पुढचा हप्ता कनाला? शीर उभ्यानं दिसते ना? मंग मी उभी ऱ्हाते. त्या कंपाउंडरला भायेर घाल पयला."

कंपाउंडर बाहेर गेला. लुगडं जांघेपर्यंत खोचून ती स्टुलावर चढली. शीर लगेच भरेना. जखम ठसठसू लागली, पोटरी थरथरली. वृंदानं खांदा पुढं केला.

"खांदा तुज्या सासूला दे," पुतळाबाई म्हणाली आणि भिंतीकडे ताठ बघत राहिली.

डॉक्टरांनी पुन्हा रेघ ओढली. "आता हात लावशील?"

"झाली तुजी रांगोली? मंग काप."

पाठीत सुई दिली, जांघेत शीर बांधली, टाके घातले. घरी सोडताना डॉक्टरांनी सून काशीला समोर बसवून सांगितलं, "रोज चालव हिला. बसली की पाय वर. पण उभं राहणं बंद."

"शीर बांदली ना? मंग?" पुतळाबाईनं विचारलं.

"एक बांधली, माई. बाकीच्या आहेत. तासन् तास उभी राहिलीस तर जखम परत फुटेल. मग मी पण काही करू शकणार नाही."

मांजर्लीला घरी पोचेपर्यंत पुतळाबाईनं काशीला एकही टोमणा मारला नाही. सासूच्या टोमण्यांना काशी कधी भ्यायली नव्हती. त्या दिवशी भ्यायली.

जखमेवर खपली धरली तेव्हा समोरचा हरिचंद्र लेकीच्या, चंद्रीच्या, हळदीची सुपारी घेऊन आला. पाय पोत्यावर ठेवून बसलेल्या पुतळाबाईला बघून तो घुटमळला. "काकी, बसून म्हना ना. पाट देतू, चौरंग देतू."

"बसून म्हनायला खरवईची बनूबाई हाय. आमच्या घरची उभ्यानं म्हनते." तिनं सुपारी उचलली आणि काशीच्या हातावर ठेवली.

"आत्या, मना नाय येत," काशी सुपारी परत करू लागली.

"लगीन होऊन आलीस तवापासून माज्या मागं उभी हायस. काय मांडवाचा खांब होतीस?"

हळदीच्या दिवशी, उन्हं उतरली तशी काशी मांडवात उभी राहिली. पुतळाबाई आपल्या ओटीवर, मधे फक्त अंगण. काशीचा आवाज बारीक, पण सुरात होता. पहिले दोन धवले पार पडले. तिसऱ्याच्या मध्यावर ती अडली. चंद्रीच्या गालाशी आणलेला हळदीचा हात तिथंच थांबला. मांडवातली सगळी तोंडं ओटीकडे वळली. हरिचंद्रही बघू लागला.

पुढची ओळ पुतळाबाईच्या जिभेवर आली होती. तिनं पदराचा बोळा केला, दातांखाली धरला आणि मांडवाकडे पाठ करून बसली.

एक श्वास. दुसरा. मग काशीनं ओळ पकडली, थोडी वरच्या पट्टीत, पण स्वतःची स्वतः. बायकांनी मागून साथ दिली. हळदीचा हात चालू झाला.

पुतळाबाईनं पदर सोडला. पाय दोन्ही हातांनी उचलून पोत्यावर आणखी थोडा वर घेतला.