रामेश्वरला कुणी मागितलं नाही

कतारमधल्या मेसईदच्या कारखान्यातल्या मराठी फिटर-वेल्डरांची एक क्रिकेट टीम होती, आणि पोपटराव तिचा कॅप्टन. शुक्रवारची लीग चालवायचे पुण्याचे अवधूत इंजिनियर. या गृहस्थांना अमेरिकेतल्या बेसबॉलचं भारी वेड! तिथला एक नियम त्यांनी इथे आणून बसवला. टीमच्या 'अ' संघातल्या खेळाडूला तीन मोसम तिच्याच 'ब' संघात धाडता येईल. चौथ्या मोसमात धाडायचं तर आधी लीगच्या ग्रुपवर नाव टाकायचं. दोन दिवसांत दुसऱ्या कुठल्या टीमनं मागितलं, की माणूस त्यांचा. खलास.

रामेश्वरला 'ब'मध्ये धाडायचा हा चौथा मोसम. क्रेन चालवणारा हा विकेटकीपर पोपटरावचा रूममेट, ग्लोव्हज उशाशी घेऊन झोपणारा. पण गुडघे कुरकुरायला लागले होते. पोपटरावनं जड मनानं त्याचं नाव टाकलं, आणि लगेच जीव खालीवर व्हायला लागला. मुऐदर गावच्या टीमचा कॅप्टन शफीक तर दर मॅचनंतर रामेश्वरला म्हणायचा, "हमारे यहाँ आ जाओ." दोस्त गेला तर? मग या शहाण्यानं एकेका कॅप्टनला गुपचूप फोन लावले. "उसको मत लेना. घुटने गए, बॉल भी नहीं दिखता." शफीकही थांबला.

ते दोन दिवस रामेश्वर सारखा मोबाईल उघडून बघत होता. जावं लागेल म्हणून घाबरलाय बिचारा, असं पोपटरावला वाटलं.

मुदत संपली तसा तो नाचतच खोलीत शिरला. "रामेश्वरा, आपलाच राहिलास की रं!"

रामेश्वर भाकरी थापत होता. "कुणीच न्हाई इचारलं?"

"न्हाई."

"शफीकनं बी?"

पोपटरावचं हसू आटलं. रामेश्वरनं हात धुतले, ग्लोव्हज आणून पोपटरावच्या खाटेवर ठेवले. "नव्या कीपरला दे. माझं झालं आता."

पोपटरावला रडूच फुटलं. फोन, गुडघे, शफीक, सगळं त्यानं ओकून टाकलं.

रामेश्वरनं शांतपणे ऐकून घेतलं. "जाऊ दे. माझ्या समाधानासाठी खोटं कशाला बोलतूस?"

"आईशप्पथ! हा घे फोन, इचार शफीकला!"

"आता तू सांगशील त्येच त्यो बोलंल," रामेश्वर म्हणाला, आणि रोजच्यासारखी पहिली भाकर त्यानं पोपटरावच्या ताटात वाढली.